देवरे सर आमच्या लाइनवर

४ ऑगस्ट, सोम.
फर्स्ट शिफ्ट. चाकणला कंपनीत पोचले तर सुपरवायझर म्हणाले, "नवीन माणूस देतो, चेकिंग शिकव त्याला." मी मागे वळले. देवरे सर. डिप्लोमाला आम्हाला मशीन ड्रॉइंग शिकवायचे. अंगात कॉन्ट्रॅक्टवाल्यांचा निळा शर्ट.
"गुड मॉर्निंग सर," सवयीनं तोंडातून गेलं. लाइनवरच्या पोरी हसल्या.
काही वाटलं नाही. घरी येऊन झोपले.

५ ऑगस्ट
सरांना दाखवलं. गेज, म्हणजे मापाची पिन, पार्टच्या भोकात गेलं तर ओके, अडकलं तर पार्ट लाल ट्रेमध्ये. सर मान हलवत होते, वर्गात आम्ही हलवायचो तशी.
चहाला स्वतःच बोलले. मेकॅनिकलला पोरं येईनात, कॉलेजनं ब्रँच बंद केली. "दुसरीकडे बघतोय. तोवर हे." मग हळूच, "इथं सर नको म्हणूस, ऋतुजा. लोक विचारतात."
मग काय म्हणू, ते विचारायचं राहिलं.

७ ऑगस्ट
डिग्रीला नंबर लागला. डायरेक्ट सेकंड इयर, मेकॅनिकल. मोबाइलवर पाहिलं, भांडी घासली. आईनं देवापुढे साखर ठेवली. पप्पा सगळ्या गावठाणाला फोन करतायत. "आमच्या घरातली पयली इंजिनियर व्हनार."
सोमवारपर्यंत सीट घ्यायची नाहीतर जाते.
लाइनवर अडकू नकोस, डिग्री कर, हे देवरे सरच म्हणायचे. तेच धरून अभ्यास केला होता.

८ ऑगस्ट
सुपरवायझरना सांगितलं. "राहा की. परमनंटला तुझं नाव टाकतो. गेलीस तर परत घेता येणार नाही."
बघते म्हटलं. सरांना काही बोलले नाही.

९ ऑगस्ट, शनि.
सरांना कळलंच. सुपरवायझर बोलले असणार.
"ब्रँच कुठली?"
"मेकॅनिकल."
सरांनी पार्ट उचलला. गेज घातलं, काढलं, परत घातलं.
"घेऊ का सर सीट?"
"कॉलेजात विचारलं असतंस तर लगेच हो म्हणालो असतो." पार्ट येत राहिले, आम्ही तपासत राहिलो.
राग यायला हवा होता. कोणाचा, तेच कळेना.

१० ऑगस्ट, रवि.
पप्पांनी उद्या सुट्टी टाकलीय, सोबत कॉलेजला यायचं म्हणून. सुपरवायझरचा मेसेज, उद्या ये, एचआरला भेटू. दोघांनाही हो म्हणून बसलेय.
आई आत्ता विचारून गेली, "उद्याचा डबा कंपनीचा का कॉलेजचा?"
म्हटलं, कर. कुठंही गेले तरी लागेलच.