पापीकोंड्याच्या नावेत करीमची हजेरी

चिकलठाणा,
रविवार, जेवणं उरकल्यावर

दोस्त करीम यास,

नानासाहेबाचा रामराम आणि सलाम, दोन्ही. गुडघे काय म्हणतात? नजमाभाभी, झीशान, सूनबाई बरी असतील. तू हैदराबादला लेकाकडं राहायला गेल्यापासून तुझ्या अंगणातल्या लिंबाला मीच पाणी घालतो. यंदा एक लिंबू लागलं नाही, त्याचाही तुझ्यावर राग असावा. माझं विचारशील तर बरं आहे. (हे आपलं पत्राची रीत म्हणून लिहिलं. तू विचारत नाहीस हे मला ठाऊक आहे.)

तर आपली सहल मी एकट्यानं करून आलो. इथून आगगाडी, राजमहेंद्रीच्या पुढं नाव, पापीकोंड्याच्या दरीतून गोदावरी, आणि परत आगगाडी. तूच माझे कान खाल्ले होतेस, की कायगावच्या पुलाखालून जाणारी आपली गंगा पुढं जाऊन काय दिवे लावते ते मरायच्या आत बघू. ठरलं असं, की मी इथून बसायचं आणि तू सिकंदराबादला यायचं. निघायच्या आदल्या दिवशी तुझा मोबाईलवर निरोप: गुडघा दुखतो, तू जाऊन ये. अरे, जाऊन ये? मी काय कोथिंबीर आणायला चाललो होतो?

तू येत नाहीस हे सहलवाल्या बद्रीनाथला मी सांगितलंच नाही. सांगितलं असतं तर तुझ्या जागी त्यानं कुणीतरी आणून बसवला असता, आणि तो मला बघवला नसता. शिवाय वाटत होतं, हा बाबा ऐनवेळी येईल. सिकंदराबादला गाडी बदलायची होती, तिथं मी जिन्याकडं बघत उभा राहिलो. अख्खं हैदराबाद त्या जिन्यावरून उतरलं, एक तू सोडून. तेवढ्यात बद्रीनाथनं यादी काढली (त्याला नावं वाचायचा लई शौक). ‘करीमभाई?’ म्हणाला, आणि माझ्या तोंडून आपसूक ‘हजर!’ निघून गेलं. वैजापूरच्या शाळेत बाजारच्या दिवशी तू दुकानावर बसायचास, तेव्हा तुझी हजेरी मीच द्यायचो ना, जित्याची खोड. ‘कुठं हायेत?’ ‘संडासात.’ झालं! तिथून पुढं जेव्हा जेव्हा यादी निघाली, तेव्हा तू संडासातच होतास. आमच्यात सारजाबाई म्हणून एक आजीबाई होत्या, त्यांना तुझी इतकी काळजी, की त्यांनी तुझ्यासाठी ओव्याची पुडी दिली. ती मी खाल्ली.

नावेत चढताना प्रत्येकाला न बुडण्याचं जाकीट देतात. मी दोन घेतली, एक घातलं, एक शेजारच्या खुर्चीवर ठेवलं. मग दोन्ही अंगांनी डोंगर जवळ जवळ येत गेले आणि मधून आपली गंगा, अशी हिरवीगार आणि गप्प, की ओळखू येईना. मी म्हणालो, ‘करीम, बघ रे.’ इंजिनाच्या धडधडीत कुणाला ऐकू गेलं नाही. एवढं देखणं काही दिसलं की शेजारच्याला कोपर मारायची माणसाला सवय असते. माझं कोपर त्या जाकिटाला लागलं. लई एकटं वाटलं रे.

दुपारी एका वाळूच्या पट्ट्यावर उतरवून जेवण दिलं. परत निघताना बद्रीनाथला काय दुर्बुद्धी झाली कोण जाणे, त्यानं नावं वाचायची सोडून डोकी मोजली. एक कमी! सारजाबाईंनी खुर्चीवरचं जाकीट उचललं आणि हंबरडाच फोडला, ‘गंगामाय, भला माणूस गिळलास गं!’ नावाड्यानं शिट्टी फुंकली, माणसं वाळूवर ‘करीमभाई, करीमभाई’ करत पळाली. मी तोंड उघडायला पाहिजे होतं. पण इतकी माणसं तुझ्या नावानं हाका मारताना ऐकून क्षणभर बरं वाटलं. सारजाबाईंनी विचारलं, ‘दिसायला कसे होते हो?’ ‘होते काय? हायेत!’ मी खेकसलो, आणि सांगू लागलो: उंच, चालताना डावीकडं कलतो, हसायच्या आधी त्याचे खांदे हलतात... आणि तिथंच मला रडू फुटलं. मग सगळं सांगून टाकलं.

बद्रीनाथ तापला, तापणारच. मला म्हणाला, तुमच्या वयाकडं बघून गप्प बसतो. सारजाबाई माझ्या शेजारी येऊन बसल्या, पाठीवर हात ठेवला, आणि उरलेला ओवा परत मागितला.

नातवाला आशीर्वाद. गुडघ्याला तेल लाव.

तुझा
नानासाहेब

ता.क. बद्रीनाथ म्हणतो, करीम नावाचा माणूस खरोखर आहे अशी खात्री पटल्याशिवाय तो मला पुढच्या कुठल्याच सहलीला घेणार नाही. तेव्हा एकदा इकडं येऊन त्याला तोंड दाखवून जा. गाडी थेट आहे. स्टेशनवर मी येतो, पिशवी मी धरीन.

आणखी एक ता.क. बद्रीनाथ असं काही म्हणाला नाही. नांदेड यायच्या आत त्याचा राग उतरला होता, चहाही त्यानंच पाजला. खात्री मलाच करून घ्यायची आहे. ये रे.