मधली सीट

२ फेब्रुवारी, सोमवार
जिंकलो. मधली सीट शेजारच्याकडे वळणार!

आमच्या कॅप्सूलमध्ये तीन अंतराळवीर पाठीवर आडवे, तिघांची तोंडं पॅनेलकडे — शवागारात फळीवर ठेवल्यासारखे. आजच्या बैठकीत मी उभा राहिलो. म्हटलं, संकटात माणूस आधी काटा बघत नाही, शेजारच्याचा चेहरा बघतो. यंत्राला सोबत लागत नाही, माणसाला लागते. जिथे माणसाला माणूस दिसत नाही ते यान नव्हे, डबा. रणजीतसाहेबांनी — कंपनी त्यांची, पुनावळ्यातली जमीन विकून काढलेली — टेबलावर थाप मारली. "सयाजीराव, काळजालाच हात घातला की. करून टाका!" टाळ्या. कुणीतरी व्हिडिओही घेतला.

धक्क्यांचं गणित करणारी गौहर तेवढी म्हणाली, "सर, समुद्रात आपटताना धक्का पाठीने घ्यायचाय. सीट वळली की तो मानेवर आडवा येईल." मी म्हटलं, "मॅडम, भीतीच्या मापाने शिवलेला सदरा कुणालाच बसत नाही." सगळे हसले. ती खाली बसली.

५ फेब्रुवारी
सुट्टी घेतली. ताथवड्याच्या फ्लॅटमध्ये दिवसभर एकटा. पार्सलवाल्याला ओटीपी सांगितला, तेवढंच बोलणं.

८ फेब्रुवारी, रविवार
समोर चारशे माणसं असोत, घसा मोकळा. एकच माणूस असला की वाक्य सुचत नाही.

बायको, तनुजा, नाशिकला माहेरी गेली त्या दिवशी म्हणाली होती, "तुम्ही माझ्याशी बोलत नाही, मला उद्देशून बोलता." त्यावर मी तासभर प्रत्युत्तर दिलं होतं.

शेजारचा चेहरा दिसला पाहिजे — हे मी नक्की कुणासाठी मागितलं?

२० फेब्रुवारी
चाकणला कॅप्सूलचा नमुना क्रेनवरून पाण्याच्या टाकीत सोडला. आत तीन डमी, गाड्यांच्या टक्कर-चाचणीत बसवतात तसले. कडेचे दोघे धड. मधल्याची रबरी मान बुडाशी चिरली.

गौहर "मी सांगितलं होतं" म्हणाली असती तर बरं वाटलं असतं. तिने मान खोलून माझ्या हातात दिली. "जड आहे, सर. नीट धरा."

२४ फेब्रुवारी
आज बैठकीत स्वतःच्याच विरोधात उभा राहिलो. आकडे मांडले. चिरलेली मान टेबलावर ठेवली. सीट सरळ करा म्हटलं.

रणजीतसाहेब खुर्चीत मागे रेलले. "फोम वाढवू की, राव. पाण्यात सोडायची उंची निम्मी ठेवू. वळलेल्या सीटचं चित्र जाहिरातीत गेलंय आता."

गौहर म्हणाली, "निम्म्या उंचीवरूनही मान टिकणार नाही, साहेब."

"अहो मॅडम, सयाजीरावच म्हणाले ना — यंत्राला सोबत लागत न्हाई, माणसाला लागती!"

माझं वाक्य. मी जिथे थांबलो होतो तिथेच थांबून त्यांनी म्हटलेलं. लोकांनी पुन्हा टाळ्या वाजवल्या. मला एक शब्द खोडून काढता आला नाही. इतकं पक्कं बांधलं होतं मी ते.

पुढच्या आठवड्यात माणसं बसवून चाचणी.

२५ फेब्रुवारी
कँटीनमध्ये गौहरच्या टेबलाशी गेलो. ताट घेऊन उभा राहिलो. "बसा ना, सर." बसलो. तिचं जेवण संपेपर्यंत "माझं चुकलं" एवढं तोंडातून निघालं नाही.

२६ फेब्रुवारी
कुलदीपचा फोन. हवाई दलातून आलेला. चाचणीत बसणाऱ्या तिघांपैकी एक. "सर, तुमचा व्हिडिओ पाहिला. दोनदा पाहिला. मधली सीट मी मागून घेतली."

त्याला फोमचं सांगितलंय. डमीची मान चिरल्याचं कुणी सांगितलेलं नाही.

मान पिशवीत घातली आहे. वाकडला त्याच्या घरी निघालो.