उशाशी ठेवलेल्या गोळ्या

बीच क्रीक, केंटकी
४ सप्टेंबर १९९१

चि. रॉस्कोस, अ. उ. आ.

आपण डोंगरातली माणसं, आणि आपलं सगळ्यांचं गाऱ्हाणं एकच: हाक मारली तर शेरीफची गाडी पाऊण तासाने येते, तीही रस्ता विचारत. महिन्याभरात चोरांनी वस्तीतली तीन घरं फोडली. म्हणून बाबांचं रिव्हॉल्व्हर ट्रंकेतून काढलंय.

त्याच्या गोळ्या आणायला गेले तर दुकानदाराने दोन डब्या पुढे ठेवल्या. एकीतल्या गोळ्या गोल टोकाच्या, तांब्याने मढवलेल्या. त्या म्हणे सरावाच्या. दुसरीतल्यांच्या टोकाला खळगा. अंगात शिरल्या की फुलतात आणि बहुधा तिथेच थांबतात, म्हणून घरात ठेवायच्या त्या. पण नेमबाजीच्या मेळ्यात बक्षिसाच्या सात टर्की कोंबड्या जिंकणारा भाऊ असताना मी दुकानदाराचं का ऐकू? कोणत्या घेऊ ते तूच सांग.

बाकी ठीक. शेजारचे ओर्व्हिलकाका संध्याकाळी फिडलवर गज फिरवतात, आमच्या पत्र्याच्या भिंतींतून सूर न् सूर ऐकू येतो.

लोभ शिळा होऊ देऊ नकोस.
तुझी लेटा

११ सप्टेंबर

ती. लेटाताईस, शि. सा. न.

तू चर्चमध्ये बोलायला उभी राहतेस तशी दारात उभी राहा, चोर हात वर करून येतील! खळग्याच्या गोळ्या म्हणजे शहरी चोचले. जिने सराव, तीच उशाशी. हाताला एकच सवय हवी. गोल टोकाचीच घे.

माया आहे तशी राहू दे.
रॉस्को

२० ऑक्टोबर

चि. रॉस्को,

मंगळवारी भरदुपारी एकाने दार फोडलं. हातात पहार होती. मी तू सांगितलेली गोल टोकाची गोळी झाडली. ती त्याच्या खांद्यातून आरपार गेली, माझ्या भिंतीतून गेली, काकांच्या भिंतीतून गेली आणि फिडलच्या तारा जुळवत बसलेल्या काकांच्या डाव्या मनगटात थांबली. चोर जगेल. काकांची बोटं मात्र आता वळणार नाहीत. मला म्हणाले की कान शाबूत आहेत, आता दुसऱ्यांचं ऐकू. त्यांनी मला शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

लेटा

२६ ऑक्टोबर

ती. ताई,

चार वेळा कागद फाडला. आमच्या मैदानावर निशाण्यामागे मातीचा उंच ढीग असतो. वीस वर्षांत गोळी पुढे कुठे जाते हे मला कधी बघावंच लागलं नाही. तुझ्या निशाण्यामागे काका होते. मी शिकवलेली माणसं मोजतोय. सगळ्यांना हेच सांगितलंय. रिव्हॉल्व्हर परत ट्रंकेत ठेव, मी येऊन तुझ्या पाया पडतो.

तुझा अपराधी,
रॉस्को

१ नोव्हेंबर

चि. रॉस्को, अ. उ. आ.

पाया पडू नकोस. चाप माझ्या बोटाखाली होता. अपराध वाटून घेऊ. पण ज्यांना तू शिकवलंस, त्यांच्या उशाशी आज त्याच गोळ्या आहेत आणि त्यांच्या भिंतीही पत्र्याच्याच आहेत. तुझी लाज त्यांच्या शेजाऱ्यांच्या जिवापेक्षा मोठी नाही.

पुढच्या शनिवारी नेमबाजीचा मेळा आहे. काका माझ्यासोबत पहिल्या रांगेत बसणार आहेत, हात गळ्यातल्या झोळीत घालून. तुझं पत्र मी आणते. पहिला बार उडायच्या आत तू तुझ्या ट्रकच्या मागच्या फळीवर चढ आणि मातीच्या ढिगाबद्दल मला लिहिलंस ते सगळ्यांना मोठ्याने वाचून दाखव.

तुझी लेटा