समितीची बाई येणार म्हणून

४ मार्च
आनंदाची बातमी. आमची इमारत वाचणार. मालकांना ती पाडायची आहे, पण नगरपालिकेचा नियम निघाला. जुन्या, मोलाच्या इमारतींच्या यादीत नाव लागलं की परवानगीशिवाय वीटसुद्धा हलवता येत नाही, मालकालासुद्धा नाही. आमचं नाव लावायचं की नाही ते बघायला चौदा तारखेला समितीची बाई येणार. लागलं तर खालचं आमचं इस्त्रीचं दुकान आणि वरच्या दोन खोल्या, दोन्ही राहिलं. सून म्हणाली, आई, तुम्ही फक्त काही करू नका. मी हं म्हटलं.

५ मार्च
पण नुसतं बसायचं कसं? कालचं आज नवं दिसलं पाहिजे, हाच तर आमचा धंदा. आणि इमारत बघा. दारावर नुसती कोरीव वेलबुट्टी, तिच्यात धूळ. आयुष्यभर जुना दातांचा ब्रश घेऊन ती टोकरत आले, त्यानेच मनगट गेलं. डॉक्टर म्हणतो वय झालं. त्याला काय कळतंय, त्याच्या शर्टाची कॉलर बघा. असो. ठरलं. बाई येईपर्यंत सगळं लख्ख.

७ मार्च
जिन्यात मालक भेटले. सगळं सांगून टाकलं, लपवायचं काय त्यात. ऐकून खाली दाराकडे वाकून बघितलं. मग म्हणाले, बरोबर आहे आजी, पाहुणीला असलं कळकट दार दाखवायचं का. रंगारी आणि सुतार ते स्वतःच्या खर्चाने पाठवणार. माणूस बदलतो. सून म्हणाली, या माणसाने जिन्यात कधी बल्ब लावला नाही. म्हटलं, म्हणूनच आता मन खात असेल.

९ मार्च
रंगाऱ्याने वेलबुट्टीत लांबी, म्हणजे ती पुट्टी, भरून दार सपाट केलं. वर चॉकलेटी ऑइलपेंट. तोंड दिसतं त्यात. खिडकीच्या रंगीत काचा गेल्या, अ‍ॅल्युमिनियमची सरकती खिडकी आली. सुतार फार मायाळू, एकेक काच कागदात गुंडाळून मालकांकडे पोचवली.

११ मार्च, दुपार
सुनेने कुठून तरी नियम आणून वाचून दाखवला. जुन्या दारा-खिडक्यांत बदल केला तर इमारतीचं मोलच जातं, असं काहीसं. एकेका ओळीवर बोट ठेवून परत वाचलं. मी समजावलं, अगं, तो बिघडवणाऱ्यांसाठी आहे, आपण सुधारतोय. तरी तिच्या समाधानासाठी रंगाऱ्याला थांब म्हटलं. पण जिन्याचा कठडा अर्धा चॉकलेटी, अर्धा लाकडी. बरं दिसेना. मग पुरा कर म्हटलं.

१३ मार्च
सून जेवली नाही. गिऱ्हाइकाचा शर्ट जाळला, तिच्या हातून कधी होत नाही असं. माझाही जीव उगीच वरखाली. रंगाच्या वासाने असेल.

१४ मार्च, संध्याकाळ
बाई आली. हातात आमच्या इमारतीचा जुना फोटो. फोटो बघे, दार बघे, परत फोटो. मग विचारते, हीच ना ती इमारत? ओळखूच आली नाही तिला. काय फुलले मी. तिने नखाने रंग खरवडून पाहिला. म्हटलं, वाळलाय, घाबरू नका. कोणी केलं म्हणाली. मालक मागेच उभे होते, म्हणाले, सगळी आजींची हौस. खर्च आपला आणि नाव दुसऱ्याचं, असा माणूस विरळा. मीही हो म्हटलं.
जाताना ती म्हणाली, "आजी, एक तरी जुनी गोष्ट ठेवायची होती."
"मी आहे की," म्हटलं.
ती हसली नाही. दमली असेल.

२ एप्रिल
नगरपालिकेचा माणूस नोटीस घेऊन आला. सुनेने वाचली, मग पहिल्यापासून परत वाचली. इमारतीत जुनं असं काही उरलेलं नाही, नाव यादीत लागणार नाही, मालकांना पाडायला हरकत नाही. सून मला काही बोलली नाही. बोलली असती तर बरं होतं.
नोटीस दारावर लावायची होती. पण दार इतकं गुळगुळीत की चिकटेना, सारखी घसरून खाली. तो बिचारा उन्हात ताटकळला. शेवटी मीच दुकानातली खळ दाट करून दिली, आणि सुकेपर्यंत कोपरा दाबून उभी राहिले.
आता घट्ट बसली आहे.