वरची फळी

आबा, परवा मुलांसाठी दुमजली पलंग घेतला. थोरला आता सातवीत, धाकटी चौथीत, खोली मात्र दोघांत एकच, आणि खाली गाद्या अंथरल्या की दार उघडायची पंचाईत. लक्ष्मीपुरीतल्या दुकानात शिरायच्या आधीच दोघं हमरीतुमरीवर आली. "वर मी!" "न्हाय, मीच!" हे म्हणाले, "दोघं शिडीवर झोपा." माझं भांडण मनातल्या मनात तुमच्याशी चाललं होतं.

तुम्ही बोर्डिंगात कारकून. तिथल्या लोखंडी दुमजली कॉटा बघून तुम्ही सुताराकडून घरी तसाच लाकडी पलंग करून घेतलात. सुतार अंगणात रंधा मारत होता आणि मी सगळ्या गल्लीत सांगत फिरत होते की वर मी झोपणार. त्याच जूनमध्ये आत्याची मुलगी नेसरीहून आपल्याकडे शिकायला आली, पत्र्याची ट्रंक घेऊन, आणि आईनं तिचं अंथरूण सरळ वर टाकलं. मी भोकाड पसरलं तेव्हा आई म्हणाली, "ह्यांची भाची हाय ती. तिच्या डोक्यावर पाय करून झोपणार व्हय गं तू?" तुम्ही मान डोलावलीत. भाचीला आपला पाय लागू नये, हे मलाही ठाऊक होतं. पण लेकीचं काय, ते कुणी सांगत नव्हतं. मी खाली झोपायला लागले.

जागेचं मी एक वेळ गिळलं असतं. पण वरची फळी नेमकी तुमच्या हनुवटीशी यायची. जेवणं झाली की तुम्ही तिथं कोपरं टेकून उभे राहायचात आणि तिच्याशी बोलत बसायचात. घरची आठवण येते का, म्हैस व्याली का, गणित जमतंय का. मला खालून दिसायचं तुमचं धोतर, गुडघ्यापासून पावलांपर्यंत. फुटाणे आणले असले की तुमची मूठ खाली यायची. फुटाणे दोघींना सारखेच, त्यात तुम्ही कधी डावं-उजवं केलं नाहीत. तिला ते चेहऱ्यासकट मिळायचे, मला नुसता हात. मी जळायचे, आबा. फुटाणे चावताना दातओठ खायचे.

एकदा तुम्ही दोघं कशाला तरी इतके हसलात की मी खालून फळीला सणसणीत लाथ घातली. तुम्ही वाकलात. किती दिवसांनी तुमचं तोंड तिथं दिसलं, तेही लाल झालेलं. "भाचीला लाथ मारतीस व्हय?" "फळीला मारली." "फळीवर कोण हाय?" मला तिच्या पाया पडायला लावलंत, आणि मग स्वतःही तिच्या लोंबत्या पावलांवर कपाळ टेकलंत. "ऱ्हाऊ द्या की मामा," म्हणत ती बिचारी पाय आखडून घेत होती. तिचा काहीच दोष नव्हता, म्हणून तर मला जास्त राग यायचा. तुम्ही गेलात तेव्हाही तिनं "मामा" म्हणून असा हंबरडा फोडला की बायका आधी तिलाच सावरायला धावल्या. मी दारात उभी होते.

दुकानात मी विचारलं, मोठ्या माणसाचं वजन पेलेल का. दुकानदार म्हणाला, "चढा की वैनी बिनधास्त, काय हुत न्हाय." आणि मी साडी सावरत खरंच चढले. मुलं खिदळायला लागली. हे फळीशी येऊन उभे राहिले, कोपरं टेकून, अगदी तसेच. "कसं वाटतंय?" तिथून माणसाचा चेहरा किती जवळ दिसतो! डोळ्यांच्या कडेच्या सुरकुत्यासुद्धा दिसतात. एवढं सगळं रोज तिला मिळत होतं.

आता मुलांच्या पाळ्या लावल्यात. निजताना मी पलंगाशी उभी राहत नाही, खालच्या गादीवर बसते, तर या आठवड्यात थोरला वरून कुरकुरतो, "आई, तुझं नुसतं डोकं दिसतंय." मग उठून उभी राहते, की धाकटी माझा पदर ओढते. तुमची गत काय होत असेल, ते थोडंफार कळतं. पण मत्सर काही गेला नाही.

हे कुठं धाडायचं नाही, म्हणून सांगते. दुकानात वर पडल्या पडल्या ह्यांना मी म्हटलं, "जरा बाजूला व्हा, वारा अडतोय." वाराबिरा काही नव्हता. तुम्हाला उभं राहायला जागा करत होते.