दिल्लीतल्या छोल्यांचा संशय

अप्पा, दिल्लीत तुम्ही आम्हाला चोरून छोले खाल्लेत, असं मी इतकी वर्षं धरून चालले होते. तुम्हाला जाऊनही आता जमाना झाला, पण हा संशय काही माझ्या मनातनं हलला नाही. वळण तुम्हीच लावलेलं. आपल्या धान्याच्या दुकानात मला शेजारी बसवून सांगायचात, "माप घालणाऱ्याच्या तोंडाकडं बघू नको, हाताकडं बघ." मग मी तुमच्याही हाताकडं बघितलं तर त्यात माझं काय चुकलं?

आम्ही पोरं लहान असताना दिल्लीला गेलो, त्या दिवशी सकाळी तुम्ही लॉजवर आंघोळीला फार वेळ लावलात आणि बाहेर येऊन आमच्या आईशी, अव्वाशी, दाराआड काहीतरी कुजबुजलात. मी आणि धाकटा भाऊ मात्र दिल्ली बघायला उतावीळ. लाल किल्ल्याच्या दारात पोलिसानं झडती घेताना तुमच्या गळ्यातली इष्टलिंगाची चांदीची डबी चाचपली आणि म्हणाला, "खोलो." तुम्ही ती मुठीत धरलीत. "भगवान है. नहीं खोलते," एवढंच बोललात आणि मागं फिरलात. आम्हाला म्हणालात, "तुमी बघून या. मी हितं पिशव्या राखतो." आम्ही आत तख्ताची जागा बघितली, कारंजी बघितली, पण माझं अर्धं लक्ष बाहेर. आणि बाहेर येऊन बघते तर तुम्ही पिशव्यांसकट छोले-कुलच्याच्या गाडीपाशी उभे, टॉवेलनं तोंड पुसताय. "पाणी मागाया आलतो," म्हणालात. पाणी मागायला लिंबूपाणीवाला होता की जवळ! पुढं इंडिया गेटच्या हिरवळीवर अव्वानं कडक भाकरी आणि शेंगाचटणी सोडली, तर तुम्ही "ब्याडा, नको" म्हणून तोंड फिरवलंत. कुतुबमिनारलाही तुम्ही बाहेरच. दिवसभर तुमचा एक हात छातीवर. तेलकट खाल्लं की तुम्हाला जळजळायचं, हे मला ठाऊक होतं, म्हणजे शंकाच उरली नाही. परतीच्या गाडीतही तुम्ही एक घास घेतला नाहीत. मी धाकट्याच्या कानात म्हटलं, "पोट भरलंय त्यांचं," आणि तुमच्या वाटणीची भाकरी आम्ही दोघांनी वाटून खाल्ली.

गेल्या महिन्यात मी नवऱ्याला आणि लेकीला घेऊन पुन्हा दिल्लीला गेले. तीच झडती, फक्त आता यंत्र आहे. माझ्या गळ्यातल्या डबीला ते वाजलं. पोलीसबाई म्हणाली, "खोलिए." मी आडोशाला होऊन उघडली, तिनं आत डोकावून हात जोडले आणि मला सोडलं. इतकं सोपं होतं अप्पा. रिक्षावाल्याशी अर्धा तास हुज्जत घालणाऱ्या माणसाला एवढं जमलं नाही? की आत जायचंच नव्हतं? बाहेर येऊन मी तसलीच एक गाडी शोधली आणि तुमच्यावरच्या रागानं एक प्लेट छोले खाल्ले. चांगले होते. म्हणजे संशय आणखीच वाढला.

सोलापुरात आल्या आल्या अव्वाला गाठलं. ती शेंगा सोलत बसली होती. म्हटलं, "खरं सांग, अप्पांनी तेव्हा बाहेर काय खाल्लं?" तिनं हातातली शेंग खाली ठेवली. "खात्यात कशाचं. डबी रिकामी हुती त्यांची." सकाळी लॉजच्या मोरीत आंघोळ करताना झाकण निघालं आणि लिंग पाण्याबरोबर वाहून गेलं, म्हणाली. दुसरं लिंग मठातल्या स्वामींच्या हातून घेतल्याबिगर अन्नाला शिवायचं नाही, आणि स्वामी तर सोलापुरात. "मी म्हनलं, आत्ताच गाडी धरू. तर म्हनले, पोरांचा किल्ला ऱ्हाईल की. कुणाला बोलायचं न्हाय म्हनून गळ्याची शपथ घातली." मी विचारलं, मग तू कशी जेवलीस? "दोगंबी उपाशी बसलो असतो तर तू इचारलं असतंस. तू लई चौकस."

मी लगेच विश्वास ठेवला नाही. अव्वा तुमच्यावर नेहमीच पांघरूण घालते. पण शेंगांची टरफलं भरता भरता मला सोलापूर स्टेशन आठवलं. आपण रिक्षात बसतोय, आणि तुम्ही मध्येच मठापाशी उतरताय. घरी येता ते कपाळभर विभूती लावून. अव्वा ताटात भाकरी वाढते, तुम्ही ती डोळ्यांना लावता, आणि मग भाकरीमागून भाकरी खात सुटता. डोळ्यांतनं पाणी येतंय. मी दारात उभी राहून बघतेय आणि म्हणतेय, एवढी कशी झोंबली चटणी! बाहेर खाऊन आलेला माणूस असा जेवत नाही, हे तेव्हा मला का कळलं नसेल? हाताकडं बघत राहिले, ताटाकडं बघितलंच नाही.

हे लिहून धाकट्याला पाठवावं असं आधी वाटलं होतं. आता कुणालाच दाखवणार नाही, तुमच्या फोटोमागं सरकवणार आहे. कारण एक गोष्ट मी अव्वाला सांगितली नाही. ती पोलीसबाई "खोलिए" म्हणाली तेव्हा मी आडोशाला झाले, ते लाजेनं नव्हे. कित्येक महिन्यांत मी डबी उघडलीच नव्हती. आत लिंग आहे की नाही ते मलाच माहीत नव्हतं, म्हणून तिच्याआधी मी डोकावले. होतं. आणि अप्पा, त्या सकाळी मी लॉजवर पोटभर पराठे खाऊन निघाले होते.