बाबांच्या कफाचा रिपोर्ट

६ नोव्हेंबर

आज पुन्हा निम्मे नमुने परत पाठवले. लाळ! निव्वळ लाळ. डबीवर लिहिलंय 'कफ' आणि आत चूळ भरल्यासारखं पाणी. स्लाइडवर गालाच्या आतल्या पेशींचा नुसता सडा, आणि पू-पेशी औषधालासुद्धा नाहीत. असल्या नमुन्याचं कल्चर लावलं की तोंडातले नेहमीचे जंतू वाढणार, आपण त्यातल्या एखाद्याचं नाव रिपोर्टात लिहिणार, आणि डॉक्टर त्या नावाला औषध देणार. म्हणजे दुखणं छातीत आणि इलाज तोंडावर.

लॅबच्या प्रमुख मॅडमना विचारून रबरी शिक्का करून घेतला — 'लाळ आहे. खोल खोकून कफ द्या.' तांबडी शाई. आमच्या लॅबचे जुने टेक्निशियन काका चहा फुंकत म्हणाले, बाईसाहेब, थोडे दिवस जाऊ द्या, शिक्का मारून हात आपोआप दुखायला लागतो.

नाही दुखणार. इथे काम करायला मिळालंय ते नीट करण्यासाठीच.

७ नोव्हेंबर

वॉर्डातल्या सिस्टरचा फोन. "पेशंटला आता काय खोकण्याची शिकवणी लावू?"

लावा ना!

९ नोव्हेंबर

बाबांना ताप आहे, आणि तो आजचा नाही. आईने आज तोंड उघडलं. आठवडा होत आला म्हणे. वेल्डिंगच्या दुकानातून रोज दुपारीच परत येऊन पडायचे आणि मी यायच्या आत उठून बसायचे. कोपऱ्यावरच्या औषधवाल्याकडून गोळ्या आणून खाल्ल्या — कसल्या ते पाकीटसुद्धा नाही. मी चिडले. निम्म्याच गोळ्या खाल्ल्या की जंतू मरत नाहीत, पण लपतात, मग आम्हाला सापडत नाहीत. बाबा ऐकून घेत राहिले. मग म्हणाले, तुझ्या कामात आमचा कशाला खोडा.

खोकला कोरडा. ठसका लागला की डाव्या हाताने उजवी बरगडी दाबून धरतात.

१० नोव्हेंबर

आमच्याच हॉस्पिटलात भरती केलं. एक्स-रेमध्ये उजव्या फुप्फुसाच्या वरच्या भागात घट्ट पांढरं. वॉर्डच्या डॉक्टरांनी बऱ्याच प्रकारच्या जंतूंवर चालणारं मोठं इंजेक्शन लगेच सुरू केलं. रक्ताचं कल्चरही पाठवलं, पण त्या गोळ्यांनंतर त्यात काही वाढेल असं मला वाटत नाही.

शेजारच्या खाटेवर एक निवृत्त बस कंडक्टर आहेत. त्यांनाही न्यूमोनिया. आवाज मात्र अजून मागच्या सीटपर्यंत पोचेल असा. मी जायच्या आधीच बाबांनी त्यांना, सिस्टरला आणि फरशी पुसणाऱ्या मावशींना सांगून टाकलं होतं — घरातली पहिली ग्रॅज्युएट, इथेच लॅबमध्ये आहे, कफ तपासते. लाज वाटली. आवडलंही. इथे खोटं कशाला लिहू?

११ नोव्हेंबर

सकाळची पहिली डबी. सवयीने आधी स्लाइड पाहिली. लाळ. शिक्का मारला आणि मग नाव वाचलं.

बाबा.

क्षणभर वाटलं, राहू दे, लावून टाकू. मग वाटलं, बाकीचेही कुणाचे तरी बाबाच आहेत. पाठवली परत.

जेवणाच्या सुट्टीत वॉर्डात गेले तर कंडक्टर तयारच होते. "काय ताई, बापालाच नापास केलंत!" सगळी खोली हसली. बाबाही हसले, पण पांघरुणाचा काठ चाचपत. म्हणाले, शाळेतसुद्धा माझं असंच. मी त्यांना समजावलं — आधी चूळ भरा, खोल श्वास घ्या, पोटापासून खोका. घशातलं नको, छातीतलं हवं. त्यांनी एकदोनदा करून पाहिलं. चेहरा काळानिळा झाला, आलं काहीच नाही.

निघताना माझं मनगट धरलं. हात चटका बसेल इतका गरम. "उद्या चांगला देतो. तुझी मान खाली नाही जाऊ देणार."

१२ नोव्हेंबर

आणि दिला!

डबी उजेडात धरली तेव्हाच कळलं. दाट, गंजाच्या रंगाचा, डबी तिरकी केली तरी हलेना. स्लाइडवर पू-पेशीच पू-पेशी, गालाच्या पेशी शोधाव्या लागल्या. आणि त्यांच्यामध्ये जांभळ्या जोड्या, भाल्याच्या पात्यासारख्या निमुळत्या, भोवती स्वच्छ कडं. पुस्तकातल्या चित्रात असतात तशाच. न्यूमोकॉकस, न्यूमोनियाचा नेहमीचा जंतू! मॅडमनी मायक्रोस्कोपवरून मान वर न करताच 'हं' म्हटलं. त्यांचं 'हं' म्हणजे दुसऱ्या कुणाची टाळी.

कंडक्टरांचीही डबी आली होती. त्यांच्यातही तेच. दोन्ही रक्त मिसळलेल्या खाद्याच्या प्लेटांवर लावल्या आणि मेणबत्ती पेटवून डब्यात बंद केल्या. झाकण लावलं की ज्योत हळूहळू लहान होते आणि विझते. मग उरते ती हवा या जंतूला मानवते. रोज करते, पण आज ज्योत विझेपर्यंत उभी राहिले.

१३ नोव्हेंबर

वाढ आली. जंतूंच्या बारीक वसाहती, मधे दबलेल्या, भोवती हिरवट झाक. ओळख पक्की करणारी चकती ठेवली, पेनिसिलिनचीही परीक्षा लावली.

१४ नोव्हेंबर

दोन्ही चकत्यांभोवती रुंद मोकळं वर्तुळ, तिथे जंतू वाढलेलाच नाही. न्यूमोकॉकसच. साध्या पेनिसिलिनला मरणारा.

रिपोर्टवर सही झाल्यावर प्लेट घेऊन स्वतः वॉर्डात गेले. डॉक्टरांना म्हटलं, शत्रू ओळखता आलाय, आता मोठं इंजेक्शन थांबवा. गरज नसताना वापरून वापरून ही औषधं आपणच बोथट करतोय. चिलटाला तोफ कशाला? ते एक्स-रे बघत राहिले. म्हणाले, हे मला नेहमीच्या न्यूमोकॉकससारखं वाटत नाही, वरचा भाग फुगल्यासारखा दिसतोय. मी प्लेट पुढे केली.

"सर, सावलीवरून अंदाज करायचा, की जंतू समोर असताना त्याचं ऐकायचं?"

हसले. ताईंच्या रिपोर्टपुढे आम्ही काय बोलणार, म्हणाले, आणि औषध बदललं.

बाबांना प्लेट दाखवली. त्यांनी ओझरती पाहिली आणि विचारलं, म्हणजे आता तुझं काम नीट झालं ना?

१६ नोव्हेंबर

ताप उतरत नाहीये. कंडक्टर मात्र उठून खिडकीपर्यंत फेऱ्या मारतात, 'चला, पुढे चला' म्हणत. तोच जंतू, तेच औषध.

आईने विचारलं, शेजारच्यांना लागू पडलं मग यांना का नाही? मी वेळ लागतो म्हटलं. कुणाला किती लागतो ते मला कुठे माहीत आहे.

१७ नोव्हेंबर

दोन्ही प्लेटा पुन्हा शेजारीशेजारी ठेवल्या. वसाहतींचा आकार, हिरवी झाक, वर्तुळं — जुळ्या बहिणी. एकाचं दुसऱ्याला वॉर्डात लागलं की काय? मॅडमना सांगितलं, खाटा लांब करायला हव्यात. त्या म्हणाल्या, दोघंही आजारी होऊनच आले ना? मग वॉर्डात लागलं कसं?

पेनिसिलिनची परीक्षा नव्याने लावली.

दुपारी डॉक्टरांनी बोलावलं. मोठं इंजेक्शन परत सुरू करावं का? मी म्हटलं, नवी प्लेट उद्या सकाळी वाचते, तेवढं थांबा. दुसरा नमुनाही मागितला. बाबांनी मान हलवली. येत नाही. रागावले मी. एकदा इतका चांगला दिला तो कसा दिला मग? त्यांनी भिंतीकडे कूस बदलली. कंडक्टरांनी पेपर तोंडापुढे धरला.

१८ नोव्हेंबर

प्लेटवर तेच रुंद वर्तुळ. काचेत औषध जिंकतंय.

ती वाचत होते तेव्हाच वॉर्डातून निरोप आला. बाबांना श्वास पुरेना. ओठ निळे, जीभ कोरडी, मला आईच्या नावाने हाक मारत होते. दुपारी अतिदक्षता विभागात हलवलं आणि घशात नळी घातली. तिथल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, सगळीच औषधं सुरू केलीत, अंदाजाने. मी म्हटलं, अंदाज कशाला, रिपोर्ट आहे ना. त्या नळीची जोडणी तपासायला आत गेल्या.

आई बाकावर. माझं ओळखपत्र हातात धरून बसलीय, ते दाखवलं की आत सोडतील अशा समजुतीने.

१९ नोव्हेंबर

रक्ताच्या कल्चरचा शेवटचा रिपोर्ट — काही वाढलं नाही. काका आज माझे नमुने न विचारता स्वतःकडे घेऊन बसले. शिक्का कुठे ठेवलाय तेवढं विचारलं.

बाबा तसेच.

२० नोव्हेंबर

कंडक्टरांना आज घरी सोडलं. पिशवी घेऊन लॅबच्या खिडकीशी आले. पाया पडल्यासारखे वाकले तेव्हा मला वाटलं आभार मानायचेत.

"ताई, तुमच्या बाबांना त्या दिवशी खोकून खोकून काही येईना. म्हणाले, पोरीसमोर पुन्हा नापास नाही व्हायचं. मी म्हटलं, माझ्याकडे भरपूर आहे, घ्या. दोन्ही डब्या माझ्याच."

नळीतून ओढलेला नमुना आत्ता खाली आलाय. डबीवर बाबांचं नाव. हातमोजे चढवलेत, पण झाकण अजून उघडलेलं नाही. बाबांच्या छातीतलं मी आजवर काहीच पाहिलेलं नाही.